सव्वा रुपया आणि नारळ

मुलांनो, आज आधी एक कोडं घालतो. चार तारा आहेत, पण सतार नाही. मान आहे, पण हलत नाही. पोटात 'आत्मा' आहे, पण जीव नाही. आणि घोड्याच्या शेपटीनं गुदगुल्या केल्या, की गायला लागतं! ओळखा पाहू?

ज्यांनी 'व्हायोलिन' म्हटलं त्यांना शाबासकी. ज्यांना आलं नाही त्यांनी हिरमुसून जाऊ नका. आमच्या घाटंजी तालुक्यातल्या माझ्या शाळेत चौथीच्या वर्गात हेच कोडं घातलं, तेव्हा एकालाही उत्तर आलं नाही. येणार तरी कसं? आमच्या पोरांना बंडी माहीत, डवरा माहीत, वखर माहीत, पऱ्हाटी कोणत्या महिन्यात फुटते ते माहीत. वाद्यांमध्ये म्हणाल तर डफडं, ढोलकी, पेटी, टाळ-मृदंग आणि लग्नातला बँड. व्हायोलिन कुणी डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. पण गंमत अशी, की ऐकलेलं मात्र प्रत्येकानं होतं. तुम्हीसुद्धा ऐकलंय. जुन्या मराठी गाण्यात गाणारा एक ओळ म्हणून श्वास घ्यायला थांबतो ना, तेव्हा ती रिकामी जागा भरायला जे हळूच पुढे येतं, ते पुष्कळदा व्हायोलिनच असतं.

आता कोड्यातल्या त्या आत्म्याचं सांगतो, कारण वर्गात सर्वांत जास्त प्रश्न त्याच्यावरच आले. व्हायोलिन आतून पोकळ असतं. त्याच्या वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये लाकडाची एक बारीक काडी उभी केलेली असते. ती चिकटवलेली नसते बरं का, नुसत्या दाबानं उभी असते. वरच्या फळीची थरथर ती खालच्या फळीला पोचवते. फ्रेंच आणि इटालियन लोक तिला चक्क 'आत्मा' म्हणतात. ही काडी आत पडली, की व्हायोलिन दिसायला तसंच, पण आवाज मेलेला.

आणि घोड्याची शेपूट? ती गजाला. गज म्हणजे ज्यानं तारा घासतात ती लांब काठी. तिच्यावर घोड्याच्या शेपटीचे दीडएकशे केस ताणून बसवलेले असतात, आणि त्या केसांना राळ घासलेली असते. राळ घासली नाही, तर गज तारेवरून गुळगुळीत घसरतो आणि काही म्हणजे काही वाजत नाही. राळेमुळे केस तारेला धरतात, जरा ओढतात, तार निसटते, पुन्हा धरतात, पुन्हा निसटते. पाश्चात्त्य पद्धतीनं लावलेल्या व्हायोलिनची एक तार सेकंदाला ४४० वेळा थरथरते. म्हणजे तुम्ही 'एक' म्हणून संपायच्या आत चारशे वेळा धरपकड! आपल्याला मात्र एकच सलग, गोड सूर ऐकू येतो.

गोड ऐकू येतो तो वाजवणाऱ्याला येत असेल तर. मी डी. एड.ला होतो तेव्हा एका मित्राच्या काकांचं व्हायोलिन एकदा हातात घेतलं होतं. मला पेटीवर प्रार्थना आणि राष्ट्रगीत वाजवता येतं, त्यामुळे थोडी ऐट होती. गज ओढला मात्र, आणि वंगण नसलेल्या बंडीच्या आखासारखा असा आवाज निघाला, की अंगणातला कुत्रा उठून गेला. पेटीवर कसं, पांढऱ्या-काळ्या पट्ट्या असतात. 'सा'ची पट्टी दाबली की 'सा'च येणार, दुसरं काही येणार नाही. बासरीला भोकं असतात, सतारीला पडदे असतात. व्हायोलिनच्या मानेवर काही म्हणजे काही खूण नसते. सपाट काळी पट्टी! बोट केसभर इकडेतिकडे झालं, की सूर आंबला. कुठं बोट ठेवायचं ते फक्त कानाला माहीत असतं, आणि कानाला ते कळायला वर्षं लागतात.

पण ज्या कारणानं ते अवघड आहे, त्याच कारणानं ते माणसासारखं गातं. आपला गळा एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी मारत नाही, घसरत, वळत जातो. त्याला मींड म्हणतात. पेटीला ती येत नाही. म्हणून तर आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती! आपल्या घरोघरच्या भजनाची पेटी, आणि रेडिओवर तिला तीस वर्षं दार बंद! (माझ्या मते ही जरा जास्तच कडक शिक्षा होती. पण असो.) व्हायोलिनला असली अडचण कधी आली नाही.

हे वाद्य मूळचं आपलं नव्हे. इटलीतलं. तिथल्या क्रेमोना गावात स्त्रादिवारी नावाचा कारागीर होऊन गेला, १७३७ साली तो वारला. त्यानं बनवलेली व्हायोलिनं आजही वाजतात. इंग्रजांबरोबर ते मद्रासला आलं. तिथल्या बाळुस्वामी दीक्षितारांनी गोऱ्यांच्या बँडमध्ये ते पाहिलं, शिकून घेतलं आणि त्याच्यावर आपलं कर्नाटक संगीत वाजवायला सुरुवात केली. याला आता दोनशे वर्षं होऊन गेली. गोरे लोक ते हनुवटीखाली धरून उभ्यानं वाजवतात. आपल्या लोकांनी त्याला मांडी घालून बसायला लावलं. एक टोक छातीशी, दुसरं टोक पायाच्या घोट्यावर. म्हणजे हात हवे तसे मोकळे! पाहुण्यानं घरचं होऊन पाटावर बसावं, तसं ते बसलं.

आता मथळ्यातल्या सव्वा रुपयाकडे येऊ.

तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हरेगाव नावाचं साखर कारखान्याचं गाव आहे. तिथं २५ डिसेंबर १९३२ रोजी एक मुलगा जन्मला. त्याचं नाव प्रभाकर जोग. बारा वर्षांचा असताना, म्हणजे तुमच्यातल्या सहावी-सातवीतल्या मुलाएवढा असताना, तो पुण्याच्या वाड्यावाड्यांतून व्हायोलिनचे कार्यक्रम करू लागला. बिदागी काय? तर सव्वा रुपया आणि एक नारळ! बिदागी म्हणजे कलावंताला कार्यक्रमानंतर मानानं द्यायचे पैसे.

वर्गात हे सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, "सर, नारळाचं काय करत असंन तो?" मागून कुणी तरी म्हणालं, "चटनी!" सगळे हसले. मग मीही हसलो. पण नंतर विचार करत राहिलो. बारा वर्षांचं पोर, हातात जड पेटी, तिच्यात व्हायोलिन. लोकांच्या घरी जायचं, मोठ्या माणसांसमोर बसायचं, त्या बिनखुणांच्या पट्टीवर अचूक बोटं ठेवायची, आणि परत येताना खिशात सव्वा रुपया. आमच्या भागात एखाद्या पोरानं गाण्याचं नाव काढलं, की घरचे लगेच म्हणतात, "गान्यानं पोट भरते का?" पालकहो, प्रश्न खोटा नाही. कपाशीला भाव नसतो त्या साली तर मुळीच खोटा नसतो. त्या मुलापुढेही तो असणारच. तो सव्वा रुपयावर सुरू झाला, एवढंच मी सांगतो.

प्रभाकर जोगांना संगीताचे धडे मिळाले ते गजाननराव जोशी आणि नारायणराव मारुलकर यांच्याकडून. यांतले गजाननराव तुम्ही लक्षात ठेवा. १९११ साली जन्मलेले हे गृहस्थ दोन्ही होते, गवईही आणि व्हायोलिनवादकही. जे गळ्याला ठाऊक तेच बोटांना सांगायचं, अशी ती परंपरा. वाद्यानं वाद्यासारखं न वागता गाणाऱ्यासारखं वागायचं. जोगांवर याचा ठसा किती खोल पडला असेल, ते पुढं दिसतंच.

मग त्यांना भेटले सुधीर फडके. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. बाबूजींचं गाणं ऐकताना एक शब्द म्हणून कळला नाही, असं होत नाही. 'श' आणि 'ष' वेगळे ऐकू येतील इतकं स्वच्छ! (शुद्धलेखनाच्या तासाला मी हेच उदाहरण देतो.) जोग त्यांचे साहाय्यक झाले आणि त्यांच्याजवळ पुष्कळ वर्षं राहिले. साहाय्यकाचं काम काय? संगीतकाराला चाल सुचली, की ती सुरांच्या लिपीत उतरवून घ्यायची, कोणत्या वाद्यानं कुठं शिरायचं आणि कुठं गप्प बसायचं ते वादकांना समजावून द्यायचं, तालीम करून घ्यायची. आणि पुन्हा स्वतःचं व्हायोलिन वाजवायचं ते आहेच!

१ एप्रिल १९५५ हा दिवस रामनवमीचा होता. त्या दिवशी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. गीतं ग. दि. माडगूळकरांची, चाली बाबूजींच्या. दर आठवड्याला एक नवं गीत, असं वर्षभर चाललं आणि ५६ गीतं झाली. लोक रेडिओला हार घालून बसत, असं आपल्या आजी-आजोबांकडून तुम्ही ऐकलं असेल. या गीतांत व्हायोलिन होतं ते प्रभाकर जोगांचं. वय वर्षं बावीस. पुढे गीतरामायणाचे गावोगाव कार्यक्रम झाले, त्यांतही बाबूजींच्या शेजारी ते असत.

तुम्हाला आता मोबाइलवर चुकलं की पुसून टाकायची सवय आहे. तेव्हा तसं नव्हतं. ध्वनिमुद्रणात गाणारा आणि सगळे वादक एकत्रच गात-वाजवत. शेवटच्या ओळीत एका माणसाचं बोट घसरलं, तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं. गाणाऱ्यानं दहा वेळा गायचं, तबलजीनं दहा वेळा वाजवायचं, कुणा एकासाठी. म्हणजे गर्दीत बसायचं, पण गर्दीत लपायचं नाही.

आणि नाव? नाव मात्र गर्दीतच राहायचं. हे मला लहानपणापासून खुपतं. आमच्या घरी रेडिओ होता, त्यावर आकाशवाणीचं यवतमाळ केंद्र लागायचं. निवेदक सांगायचे, गीत अमक्यांचं, संगीत तमक्यांचं, आवाज अमक्यांचा. झालं. व्हायोलिन कुणाचं, बासरी कुणाची, तबला कुणाचा, हे कोण सांगणार? दोन कार्यक्रमांच्या मध्ये दोन मिनिटं उरली, की नुसतं वाद्य लावायचे, आणि बातम्यांची वेळ झाली की ते मध्येच कापायचे. असे शेकडो वादक मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत आयुष्यभर वाजवत राहिले. जोगांनीही मराठी आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत अनेक वर्षं वाजवलं. तुम्ही गाणं गुणगुणता तेव्हा ओळींच्या मधली ती सुरावटही तोंडानं 'ट्याँ ट्याँ' करत म्हणता ना? ती कुणी तरी वाजवलेली असते.

पण जोग तेवढ्यावर थांबले नाहीत. ते स्वतः संगीतकार झाले. माडगूळकरांच्या 'लपविलास तू हिरवा चाफा' या गीताला त्यांची चाल आहे, मालती पांडे यांनी ते गायलं. 'जावई माझा भला', 'कैवारी' अशा चित्रपटांना त्यांनी संगीत दिलं. आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे 'स्वर आले दुरूनी' हे गाणं. शब्द यशवंत देवांचे, चाल जोगांची, आणि गायलं कुणी? बाबूजींनी! ज्यांच्या चाली आपण वर्षानुवर्षं लिहून घेतल्या, त्यांनी आपल्या चालीवर गावं! पुढे जोगांनी आत्मचरित्रही लिहिलं.

आणि मग आलं 'गाणारं व्हायोलिन'. म्हणजे काय, तर गाणारा कुणी नाही. जी गाणी आपण लतादीदी, आशाताई, बाबूजी यांच्या आवाजात ऐकली, तीच जोग नुसत्या व्हायोलिनवर वाजवत. यात काय विशेष, असं कुणी म्हणेल. चाल तर कुणीही वाजवतं. पण जोगांच्या वादनात शब्द ऐकू येतात! हे कसं होतं, ते मी पुष्कळ वेळा ऐकून थोडंफार समजून घेतलंय. शब्द म्हणजे काय? स्वर वाहत राहतो आणि व्यंजन त्याला क्षणभर अडवतं. 'का' म्हणताना 'क'पाशी आवाज अडतो आणि 'आ' वाहतो. आता गज एका दिशेनं ओढत राहिलं तर सूर वाहतो. दिशा बदलली, की किंचित अडतो. हलकेच बदलली तर 'ल', 'म' यांसारखं वाटतं, झटक्यानं बदलली तर 'क', 'त' यांसारखं. ऱ्हस्व अक्षराला गज कमी, दीर्घाला जास्त. म्हणजे वाजवणाऱ्याच्या मनात कविता चालू असली पाहिजे! नुसत्या सा-रे-ग-मवर हे होणार नाही.

मी हे वर्गात करून पाहिलं. गाण्याचं नाव सांगितलं नाही. मोबाइलला लहान स्पीकर जोडला आणि जोगांनी वाजवलेलं एक जुनं गीत लावलं. पोरं ऐकत राहिली, पण ओळखणार कशी? गाणं त्यांच्या आजीच्या काळातलं! तेवढ्यात दाराशी आवाज झाला. खिचडी शिजवणाऱ्या आमच्या मावशी हातात झारा घेऊन चौकटीला टेकून उभ्या होत्या, आणि व्हायोलिनबरोबर शब्द म्हणत होत्या. पहिलं कडवं पूर्ण, दुसरं अर्धं. मग लक्षात आलं की सगळा वर्ग आपल्याकडे पाहतोय, तशा लाजून पळाल्या. त्या दिवशी खिचडी थोडी लागली होती. कुणीही तक्रार केली नाही.

जोग ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी पुण्यात वारले, तेव्हा ते ८८ वर्षांचे होते.

इथं एक घोटाळा आधीच निस्तरतो. व्हायोलिनवाले आणखी एक जोग आहेत, विष्णु गोविंद जोग. १९२२ साली जन्मले. ते लखनौला जाऊन रातंजनकरांकडे शिकले, अल्लाउद्दीन खाँसाहेबांचंही मार्गदर्शन त्यांना मिळालं, आणि पुढे कोलकात्यात स्थायिक झाले. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईबरोबर त्यांच्या व्हायोलिनची जुगलबंदी प्रसिद्ध आहे. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. ते रागदारी वाजवत. आडनाव एक, वाद्य एक, वाट वेगळी. परीक्षेत जोड्या लावायला आलं तर गोंधळू नका! (येणार नाही. पण येत असतं तर मला आवडलं असतं.)

तर, खिचडीच्या त्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा माझ्याजवळ आला. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. वर्गात फारसं न बोलणारा. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "सर, हे त माह्या आज्याच्या किंगरीवानी वाजते."

मी म्हटलं, "तुझ्या आज्याजवळ किंगरी आहे?"

"हो. पन कोनाले सांगू नका. पोट्टे मले मांगनारा म्हनतीन."

मुलांनो, तुमच्यापैकी पुण्या-मुंबईच्या वाचकांना किंगरी ठाऊक नसेल. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गोंड, कोलाम, प्रधान अशा आदिवासी समाजांची गावं आहेत. यांतले प्रधान हे गोंडांचे पिढीजात कथा-गायक. गोंड राजांच्या, देवांच्या, कुळांच्या कथा त्यांच्या तोंडी असतात. पुस्तक नाही, वही नाही, सगळं मुखोद्गत. आणि या कथा ते किंगरी वाजवून गातात. किंगरीलाही गज असतो, घोड्याच्या केसांचा! गाणाऱ्याला यजमान धान्य देतात, कापड देतात. ती भीक नव्हे. ती बिदागी. पुण्याच्या वाड्यातला सव्वा रुपया आणि नारळ ही जर बिदागी, तर आमच्या गावातलं पायलीभर ज्वारी-तुरीचं दान ही भीक कशी काय होते? हे मी त्या मुलाला विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही, चपलेनं माती उकरत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला दूरची गोष्ट सांगितली, मुद्दामच दूरची. अमेरिकेत डोंगराळ भागातले शेतकरी व्हायोलिनलाच 'फिडल' म्हणतात. वाद्य तेच, नाव घरगुती. तिथल्या केंटकी राज्यात बिल मन्रो नावाचा मुलगा होता. जन्म १९११, म्हणजे आपल्या गजाननरावांचंच साल! आठ भावंडांत शेंडेफळ. मोठ्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच बळकावलेली. याच्या वाट्याला उरलं मॅन्डोलिन. त्यातही फार मोठ्यानं वाजू नये म्हणून त्याच्या आठांतल्या चार तारा काढून टाकायला लावल्या! (हे ऐकून आमच्या वर्गातली सगळी धाकटी भावंडं एकदम खवळली.) आईवडील गेल्यावर बिल मामाकडे राहिला. मामाचं नाव पेन. हा मामा गावातल्या नाचाच्या रात्री फिडल वाजवायचा, आणि बिल त्याला साथ करायचा. त्याच गावांत आर्नल्ड शुल्ट्झ नावाचा एक कृष्णवर्णीय खाण-कामगार होता, गिटार आणि फिडल दोन्ही वाजवणारा. त्याच्याबरोबरही बिल वाजवायचा. मोठा झाल्यावर बिलनं वाद्यवृंद काढला, आणि या सगळ्या ऐकलेल्या-शिकलेल्यातून १९४० नंतरच्या वर्षांत एक नवीनच तऱ्हा तयार झाली. केंटकीला तिकडे 'ब्लूग्रास'चं, म्हणजे निळ्या गवताचं राज्य म्हणतात. त्यावरून त्याच्या वृंदाचं नाव पडलं, आणि वृंदावरून त्या संगीताचं नाव पडलं ब्लूग्रास. आज जगभर ते वाजवतात. बिलनं मामावर गाणं केलं, 'अंकल पेन'. ते १९५० साली निघालं, आणि ब्लूग्रास वाजवणाऱ्यांत ते आजही चालतं.

"आन् तो खानीतला?" एकानं विचारलं.

तो १९३१ साली वारला. त्याचं वादन कुणीही, कधीही ध्वनिमुद्रित केलं नाही. बिलनं त्याचं ऋण पुढे सांगितलं, म्हणून नाव तरी कळलं. पण तो कसा वाजवायचा, ते आता कुणालाच ऐकता येणार नाही.

वर्ग जरा वेळ गप्प झाला. आमचा तो मुलगाही गप्पच होता. शाळा सुटल्यावर दप्तर पाठीला लावून तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "सर, तुमच्या मोबाइलमंदी रेकार्ड होते का?"

त्या रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. बाबा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यातून किंगरी काढली. लाकूड कोरून केलेलं पोट, वर कातडं, तीन तारा. धनुष्यासारखा वाकलेला गज, हाताच्या घामानं काळा पडलेला. बाबांनी राळेचा खडा घेतला आणि गजावर सावकाश घासला. अगदी तसाच! मी विचारलं, कुणाकडे शिकलात? म्हणाले, बापाकडे. बाप कुणाकडे? त्याच्या बापाकडे. पुढे कुणाला शिकवलं? बाबा नातवाकडे न बघता म्हणाले, "आता कोन शिकते बापा. पोरगं कामाले जाते, हे शाळेत जाते. कथा एका राती सरत नाही. कोनाले येळ हाय?"

मग त्यांनी वाजवायला घेतलं. आधी नुसतं वाजवलं, गायले नाहीत. मला त्यातलं काही कळत नव्हतं, सूर तेवढे कळत होते. आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसलेला तो मुलगा, वर्गात कविता पाठ म्हणायला उभं केलं तर घाम फुटतो तो, किंगरीबरोबर ओठ हलवत होता. आवाज नाही, नुसते ओठ. बाबांनी तोंड उघडून गायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचे आणि त्याचे ओठ बरोबर एकाच वेळी उघडले. त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. घरात कानावर पडून आलेलं. किती आलंय, हे त्यालाही माहीत नसावं.

मोबाइल मी बाजेवर ठेवला होता. वीसएक मिनिटांनी बाबा थांबले, पाणी प्यायले. मी त्यांना वाजवलेलं ऐकवलं. त्यांनी मोबाइल कानाशी धरला, डोळे मिटले. त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्याही उभ्या राहिल्या. बाबांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, काही वावगं घडलं की काय.

"दुसरी तार उतरली हाय," बाबा म्हणाले. नातवाला हाक मारून त्यांनी किंगरी त्याच्या मांडीवर दिली, स्वतः खुंटी पिळत तार चढवली आणि म्हणाले, "वाजव. बराबर झाली का सांग."

त्यानं दोन बोटांनी गज धरला, ओढला. आवाज आला तो बंडीच्या आखासारखा. घरातलं मांजर मात्र जागचं हललं नाही. बाबांनी त्याचं मनगट थोडं खाली दाबलं. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा सूर लागला, लहानसा, पण सरळ.

"अजून जराशी," पोरगा म्हणाला.

बाबांनी खुंटी आणखी एक पीळ फिरवली, किंगरी परत घेतली आणि मला म्हणाले, "पुसा ते गुरुजी. पयल्यापासून घेऊ."

आम्ही पहिल्यापासून घेतलं.